पक्कीबाईंचा बकरा

'फसवणुकीला बळी पडलेले नागरिक' एवढी अक्षरं एका स्तंभाच्या मथळ्यात मावत नाहीत. 'बकरे' मावतात. एवढ्याशा कारणाने तो शब्द त्या वर्तमानपत्रात शिरला आणि घरजावयासारखा तिथेच मुक्काम ठोकून राहिला. टक्कल घालवायचं तेल म्हणून कुणाला शेवाळाचं पाणी विकलेलं असो, की नोकरीच्या आशेने बंद कारखान्याच्या दाराशी कुणी दिवसभर रांग लावलेली असो, मथळा ठरलेला असायचा: 'आणखी चाळीस बकरे'. वाचक हसायचे. ज्यांच्याबद्दल छापलं होतं त्यांना काय वाटलं, हे विचारायला मात्र कुणी कधी गेलं नाही.

कचेरीच्या आत तर त्या शब्दाला पोरंबाळं झाली होती. कुणी मुद्दाम पेरलेली खोटी खबर म्हणजे 'चारा'. ती खरी मानून छापली, की 'खाल्ला'. आणि ज्याने खाल्ला तो बकरा. मुख्य उपसंपादकांनी यासाठी खेळण्यांच्या दुकानातून खरोखरीचा एक लाकडी बकरा आणून ठेवला होता. वीतभर उंच, पांढरा रंग पोपडे निघून गेलेला, एक शिंग तुटलेलं, गळ्यात पितळी घुंगरू. नियम असा, की ज्याने चारा खाल्ला त्याच्या टेबलावर हा बकरा ठेवायचा, तोही त्याच्याकडे तोंड करून. आणि दुसरा कुणी फसेपर्यंत हलवायचा नाही. खेळांचं पान लावणाऱ्या एका गृहस्थांसमोर तो एकदा सलग अकरा महिने उभा होता. शेवटी शेवटी ते त्याला "काय रे, जेवलास का?" असं विचारायला लागले होते.

हाच बकरा एका सोमवारी सकाळी, बुटांच्या खोक्यात, जुन्या अंकाच्या पानात गुंडाळून पक्कीबाईंच्या घरी आला.

पक्कीबाई शहात्तर वर्षांच्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. त्यांचं खरं नाव कचेरीत पगाराच्या पाकिटावर तेवढं असायचं. बाहेरगावच्या बातमीदारांचे फोन घ्यायचे, बातमी लिहून घ्यायची आणि ती खरी आहे का हे तपासायचं, हे त्यांचं काम. बातमीतली प्रत्येक गोष्ट त्या एका ठिकाणाहून विचारून घेत आणि समासात लाल पेन्सिलीने खूण करत. दुसऱ्या ठिकाणाहून तीच गोष्ट कळली, की दुसरी खूण. दोन खुणा झाल्याशिवाय ओळ खाली छपाईला जायची नाही. फोन ठेवण्याआधी प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "पक्कं?" त्यावरून त्या पक्कीबाई झाल्या. एकतीस वर्षांत तो बकरा त्यांच्या टेबलावर एकदाही आला नव्हता.

खोक्यात संपादकांची चिठ्ठी होती. त्या बाई पूर्वी पक्कीबाईंच्याच हाताखाली शिकलेल्या.

'बाई, कचेरी नव्या इमारतीत हलतेय. जुन्या कपाटात हे ध्यान सापडलं. तेव्हाच्या माणसांपैकी तुमच्याशिवाय कुणी राहिलं नाही. तुमच्याकडे हा कधीच गेला नव्हता म्हणे. आता येऊ द्या एकदा.'

पक्कीबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. "आलास का शेवटी," त्या म्हणाल्या. मग झाकण लावलं आणि खोकं कपाटावर सरकवून दिलं. घरात बोलायला दुसरं कुणी नसलं, की माणूस लाकडाशीही एखादं वाक्य बोलतो. पण त्यांना त्याचं तोंड नको होतं. त्याला एकदा त्यांनी स्वतः जिथे ठेवलं होतं, ते आठवायला नको होतं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"मावशी, तुम्ही पेपरात होतात ना? रोज फोनवरून हवामान लिहून घ्यायच्या, त्या?"

"आपण कोण?"

"मी त्यांची भाची. वेधशाळेतल्या मामांची. ते नदीकाठच्या गावातच असतात अजून, तिथल्या वृद्धाश्रमात. डोळे पूर्ण गेलेत त्यांचे. शुक्रवारी सकाळी मी त्यांना कायमचं माझ्याकडे घेऊन चाललेय. लांब आहे, विमानाने जायचं. त्याआधी त्यांना एकदा तुम्हाला भेटायचंय."

पक्कीबाईंनी खुर्ची ओढून घेतली. "त्यांनी स्वतः सांगितलं?"

"गेलं वर्षभर सांगतायत. पेपरातल्या बाईंना शोध, पेपरातल्या बाईंना शोध. म्हणून मागच्या महिन्यात मी एक गाढवपणा केला. तिथल्याच एका नर्सबाईंना सांगितलं, की तुम्ही त्या बाई म्हणून दोन शब्द बोला त्यांच्याशी. मामांनी दोन मिनिटांत ओळखलं. तेव्हापासून कुणावर विश्वासच ठेवत नाहीत. तुम्ही प्रत्यक्ष आलात तर बरं होईल. मी गुरुवारी तिथे पोचतेय."

"माझा नंबर कुणी दिला?"

"पेपरच्या कचेरीतून मिळाला."

"मी बघते," असं म्हणून पक्कीबाईंनी फोन ठेवला आणि सवयीने पॅड पुढे ओढलं. वृद्धाश्रम. डोळे गेले. भाची. शुक्रवारी जाणार. भेटायचंय. पाच ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि लाल पेन्सिल शोधायला उठल्या.

त्याच सकाळच्या अंकात तिसऱ्या पानावर मथळा होता: 'गोड बोलून सहा ज्येष्ठ बकरे जाळ्यात'. फोनवर कुणीतरी जुनी ओळख सांगायचं, आजारपण सांगायचं, घराबाहेर बोलवायचं. सहांतल्या एक बाई शहात्तर वर्षांच्या होत्या.

वेधशाळेतला तो माणूस कचेरीत सगळ्यांना 'कमाल-किमान' म्हणून माहीत होता. नदीकाठच्या गावाबाहेर टेकडीवर वेधशाळा होती आणि तिथून तो रोज संध्याकाळी साडेपाचला फोन करायचा. आकडे सांगायची त्याची एक पद्धत होती. चुकीला जागा राहू नये म्हणून तो प्रत्येक आकडा दोनदा सांगे. "कमाल एकतीस. तीन, एक. किमान एकोणीस. एक, नऊ. पाऊस नाही." पक्कीबाई विचारायच्या, "पक्कं?" तो म्हणायचा, "पक्कं. उद्याचे आकडे उद्या." संपलं. सात वर्षं त्यांचं एकमेकांशी एवढंच बोलणं झालं. कधीमधी तो म्हणे, "आज तुमचा आवाज बसलाय." कधी त्या म्हणत, "आज तुम्ही तीन मिनिटं उशीर केलात." साडेपाच वाजत आले, की आजूबाजूचे लोक खाकरायला लागायचे. "बाई, पारा चढायची वेळ झाली हं!"

आठव्या वर्षी त्याचं पत्र आलं. तो बेचाळीस वर्षांचा होता, पक्कीबाई अडतीसच्या. पत्र एका पानाचं होतं आणि आकडे सांगावेत तसंच लिहिलेलं. वेधशाळेत पंधरा वर्षं कायम नोकरी. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. सासूबाई माझ्याकडेच राहतात, त्यांना दुसरं कुणी नाही. घराला मागच्या बाजूला ओटा आहे, तिथून नदी दिसते. आणि शेवटी लिहिलं होतं, 'तुम्ही रोज मला पक्कं का, असं विचारता. दिवसभरात मला कुणी काही विचारतं ते तेवढंच. तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करावं असं मला वाटतं.'

पक्कीबाईंनी ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचताना त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती.

त्यांना एकदम दोष देण्यात अर्थ नाही. त्याआधी वर्षभरच त्यांच्या कचेरीतली टंकलेखिका लग्न करून गेली होती. चार महिन्यांनी कळलं, की नवऱ्याला आधीची एक बायको आहे, दोन मुलं आहेत. ही गोष्ट शोधून काढली पक्कीबाईंनीच, आणि रीतसर दोन ठिकाणांहून पक्की केली. टंकलेखिका कामावर परत आली तेव्हा तिच्या यंत्रासमोर बकरा उभा होता, तिच्याकडे तोंड करून. सगळी खोली खाली माना घालून हसत होती. बकरा ठेवला होता पक्कीबाईंनी, आणि तोही हसत हसत. त्या दिवसाचा सगळा मजकूर तिने त्याच्यासमोर बसून टंकित केला, यंत्रावर झाकण घातलं आणि निघून गेली, ती पुन्हा आली नाही. तिचं पुढे काय झालं, हे पक्कीबाईंनी कधी तपासलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी न तपासलेली ती एकच गोष्ट.

तर तो बकरा आपल्यासमोर उभा राहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी वेधशाळेच्या मुख्य कार्यालयात फोन करून नोकरी तपासली. वय तपासलं. नदीकाठच्या गावच्या बातमीदाराला घर बघायला पाठवलं. त्याने कळवलं, 'ओट्यावरून नदी दिसते, पण थोडं डावीकडे वाकावं लागतं.' पक्कीबाईंना हसू आलं आणि त्यांनी दुसरी खूण केली. सगळ्या ओळींना दोन-दोन खुणा झाल्या. राहिली एक ओळ. 'बायको जाऊन तीन वर्षं झाली.' शेजाऱ्याने सांगितलं म्हणून तिला एक खूण होती. दुसरी नव्हती.

"म्हातारीला विचारू का?" बातमीदाराने फोनवर विचारलं.

"विचारा," पक्कीबाई म्हणाल्या. "दोन ठिकाणांहून हवं."

तो माणूस कामावर असताना बातमीदार त्याच्या घरी गेला. दार सासूबाईंनी उघडलं. तुमची मुलगी नक्की वारली ना, असं त्याने त्यांना विचारलं. कधी, कशाने, काही कागद आहे का? म्हातारीने ट्रंक उघडून मुलीच्या मृत्यूचा दाखला काढला आणि त्याच्या हातात दिला. बातमीदाराचं पोस्टकार्ड पक्कीबाईंना आलं: 'सासूबाई रडल्या. कागद दाखवला. पक्कं.'

पण ते पोस्टकार्ड यायच्या आदल्याच दिवशी तो स्वतः येऊन गेला होता. सकाळची बस धरून, तीन तास प्रवास करून. पक्कीबाई खाली छपाईकडे गेल्या होत्या. त्यांच्या टेबलावर, तपासायच्या कागदांच्या ट्रेमध्ये, सगळ्यात वर त्याचं पत्र होतं. समासात लाल खुणा, एका ओळीपुढे एकच. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

"कोण हवंय आपल्याला?" मुख्य उपसंपादकांनी विचारलं.

"कुणी नाही. एक गोष्ट पक्की करायची होती. झाली."

त्या संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. कमाल, किमान, पाऊस नाही. पक्कीबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पक्कं?" पलीकडून तो म्हणाला, "ते तुम्ही दुसरीकडून विचारून घ्या, बाई." दुसऱ्या दिवसापासून आकडे सांगायला दुसराच कुणी आला. तो फार भरभर बोलायचा.

पक्कीबाईंनी त्याला माफीचं पत्र लिहायला तीनदा घेतलं आणि तीनदा फाडलं. माझं चुकलं, असं लिहिलं तरी त्याने ते कशावरून खरं मानायचं? माफीला दुसरी खूण कुठून आणायची? मग वर्षं गेली, आणि वर्षं काय, जायला बसलेलीच असतात. खाकरणारे लोक निवृत्त झाले, काही गेले. साडेपाचच्या सुमाराला पक्कीबाई जिथे असतील तिथे गप्प व्हायच्या, एवढं मात्र राहिलं.

आता पॅडवर पाच ओळी होत्या. पक्कीबाईंनी संपादकांना फोन लावला.

"हो बाई, फोन आला होता एका बाईंचा. नंबर मीच दिला. काही घोळ झाला का?"

"ती कोण, कुठली, हे विचारलंस?"

"विचारलं. पण पक्कं कसं करणार? आवाज बरा वाटला."

"आवाज बरा वाटला! हा काय आधार झाला? हेच शिकवलं मी तुला?"

"नाही बाई, हे माझं मीच शिकले," संपादक हसून म्हणाल्या. "बकरा पोचला ना?"

नदीकाठच्या गावच्या वृद्धाश्रमाचा नंबर मिळाला, पण तिथल्या माणसाने सांगितलं, की इथे राहणाऱ्यांची माहिती आम्ही फोनवर देत नाही. "तुम्ही कोण त्यांच्या?" त्याने विचारलं. पक्कीबाईंनी फोन ठेवला. वेधशाळेत यंत्रच बोलत होतं: यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. अडतीस वर्षांपूर्वीच्या माणसासाठी काय दाबायचं, ते त्यात नव्हतं. गावचा तो बातमीदार कधीच वारला होता. भाचीने केला त्या नंबरावर पुन्हा फोन करावा, तर ज्याच्याबद्दल शंका आहे त्यालाच तू खरा का असं विचारण्यासारखं झालं. तसं करायचं नसतं, हे तर त्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवत.

बुधवार असाच गेला. दुपारी त्यांनी कपडे वाळत घातले आणि पुन्हा काढून नीट वाळत घातले. कारण काही नव्हतं. संध्याकाळी पॅडकडे पाहिलं तर पाचही ओळी तशाच, एकेका खुणेच्या. उद्या गुरुवार. परवा तो माणूस असला तर विमानात असणार, आणि नसला तर कुठेच नसणार.

त्यांनी खुर्चीवर चढून कपाटावरचं खोकं खाली घेतलं. या वयात खुर्चीवर चढू नये, हे त्यांना माहीत होतं. बकरा कागदातून काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला. आधी खिडकीकडे तोंड करून ठेवला. मग नियम आठवला आणि आपल्याकडे तोंड करून ठेवला. घुंगरू एकदा वाजलं.

"बघतोस काय," पक्कीबाई म्हणाल्या, "खाल्ला मी चारा. जाते उद्या."

गुरुवारी त्या बसमधून उतरल्या तेव्हा चार वाजून गेले होते. थंडी बोचरी होती. अंगात जाड स्वेटर, वर शाल, तरी बोटं आखडलेली. वृद्धाश्रम खरोखरच होता. दारात एक पन्नाशीची बाई मोठी बॅग घेऊन उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडे आशेने बघत होती.

"मावशी? आलात!" तिने पक्कीबाईंचे दोन्ही हात धरले. "मला वाटलं नव्हतं. मी असते तर आले नसते बाई, अशा फोनवर."

"मीही आले नसते," पक्कीबाई म्हणाल्या.

फिनेलचा वास असलेला लांब व्हरांडा होता, ओळीने खुर्च्या. शेवटची खोली त्याची. पलंगावर एक वाळलेला, उंच माणूस उशीला टेकून बसला होता. डोळे उघडे, पण भिंतीकडे. इतकी वर्षं ज्या आवाजाला मनातल्या मनात त्यांनी एक चेहरा देऊन ठेवला होता, त्याच्याशी या चेहऱ्याचं काही जुळत नव्हतं. पक्कीबाईंनी त्याला आज पहिल्यांदा पाहिलं. आणि त्याने तर त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आताही पाहणार नव्हता.

"मामा, बघ कोण आलंय. पेपरातल्या बाई."

"कितवी?" तो म्हणाला.

"अरे मामा, या खऱ्या आहेत."

"आधीचीही खरीच होती. तिच्या हातांना औषधाचा वास येत होता. सगळे मिळून मला बकरा बनवायला निघालात. आंधळा आहे, खुळा नाही मी."

पक्कीबाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. "मीच आहे," त्या म्हणाल्या. नव्या दातांमुळे आवाज बोबडा आणि जाडसर निघाला. त्यांचा त्यांनाच परका वाटला. पर्समधून कचेरीचं जुनं ओळखपत्र काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. त्याने कडांवरून बोटं फिरवली.

"कार्ड आहे. कुणाचंही असेल."

"सात वर्षं तुम्ही साडेपाचला फोन करत होतात. आकडे दोनदा सांगत होतात."

"हे मीच भाचीला सांगितलंय. तिने पढवलं तुम्हाला."

"तुमच्या ओट्यावरून नदी दिसायची. थोडं डावीकडे वाकावं लागायचं."

"हेही गावात सगळ्यांना माहीत आहे. दुसरीकडून विचारून पक्कं करतो, मग बघू." आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

असा माणूस मिळाला असता तर मुख्य उपसंपादकांनी त्याला उचलून डेस्कवर बसवलं असता, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठून व्हरांड्यात येऊन बसल्या. पाठोपाठ भाची आली. तिचे डोळे भरले होते.

"मावशी, माझंच चुकलं. त्या नर्सचं नाटक केलं नसतं तर..."

"नाही गं. ते आधीपासूनचं आहे."

व्हरांड्यातल्या घड्याळात पाच पंचवीस झाले होते. एक म्हातारे गृहस्थ चालण्याच्या काठीला धरून समोरून गेले आणि त्यांनी दोघींना नमस्कार केला. पक्कीबाईंनी परत नमस्कार केला, पण त्यांचं लक्ष घड्याळावर होतं. समोर बसून काही व्हायचं नव्हतं. समोर बसलेल्या बाईला तो ओळखतच नव्हता. कधी ओळखतही नव्हता.

"तुझा मोबाइल आत घेऊन जा," त्या भाचीला म्हणाल्या. "वाजला, की बोलू नकोस. त्यांच्या कानाला लाव फक्त."

साडेपाचला पक्कीबाई व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बसचं तिकीट उलटं करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पेन उघडलं. भाचीचा नंबर लावून आपला मोबाइल खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला, पूर्वी रिसीव्हर धरायच्या तसा. मान दुखली. दाराआड फोन वाजलेला त्यांना ऐकू आला आणि वाजायचा थांबलाही.

"डेस्क," पक्कीबाई म्हणाल्या. "बोला."

पलीकडे फक्त श्वास होता.

"बोला लवकर, पान खाली जायचंय. कमाल?"

आणि मग ते आलं. हळू, एकेक आकडा वेगळा ठेवत, अजिबात म्हातारं न झालेलं.

"कमाल अडतीस. तीन, आठ."

"किमान?"

"सव्वीस. दोन, सहा."

"पाऊस?"

"चार मिलिमीटर. चार."

पक्कीबाईंनी तिकिटावर तिन्ही आकडे लिहिले. काचेतून कोरडं, निरभ्र आभाळ दिसत होतं आणि अंगणात उभा असलेला पहारेकरी हातावर हात चोळत होता. त्यांनी आकड्यांखाली रेघ मारली. आता त्यांची पाळी होती. दोघेही त्या एका शब्दापुरते थांबले.

"विचारत नाही?" तो म्हणाला.

"नाही."

"बाहेर थंडी आहे ना?"

"आहे. बरीच आहे."

"मग?"

"तुम्ही सांगितलंत, मी लिहून घेतलं."

फोन बंद झाला की काय, म्हणून त्यांनी कानावर दाबून धरला. मग तो बोलला, आता आकडे सांगायचा आवाज नव्हता.

"सासूबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. तो दाखला उशीखाली ठेवून झोपायच्या. पुन्हा कुणी विचारायला आलं तर शोधाशोध नको म्हणून."

पक्कीबाईंनी खिडकीचा गज धरला. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "याला दुसरा आधार नाही माझ्याकडे. हे एवढंच आहे."

"हं," तो म्हणाला.

ते 'हं' कसलं होतं, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. व्हरांड्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. आत जावं असं त्यांना वाटलं, पण आत गेल्या असत्या तर पुन्हा कुणीतरी परकी म्हातारी झाल्या असत्या. फोनवर होत्या तोवर त्या पेपरातल्या बाई होत्या.

"बरं, बाई," तो शेवटी म्हणाला. "उद्याचे आकडे उद्या."

खट्‌ झालं. थोड्या वेळाने भाची बाहेर आली, नाक पुसत. "झोपले," ती म्हणाली. "कित्येक दिवसांत असे झोपले नव्हते. मावशी, उद्या सकाळी आम्ही निघू. संध्याकाळपर्यंत विमानातच असू, तिकडे पोचायला मध्यरात्र होईल. मग मी कळवते."

"कळव," पक्कीबाई म्हणाल्या आणि बसच्या वेळेसाठी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पक्कीबाईंनी सकाळी तिकिटावरचे आकडे पॅडवर उतरवून ठेवले. अडतीस, सव्वीस, चार. लाल पेन्सिल बाजूलाच होती, तिला त्यांनी हात लावला नाही. मंगळवारच्या पाच ओळींचं पान फाडून टाकलं.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी चहाचा कप विसळून ठेवला, खिडकी लावून घेतली आणि टेबलाशी येऊन बसल्या. समोर फोन, फोनच्या बाजूला पॅड, पॅडच्या पलीकडे बकरा, त्यांच्याकडे तोंड करून. विमानातून फोन करता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. आंधळ्या माणसाला कुणी नंबर लावून दिल्याशिवाय तर कुठूनच करता येत नाही. त्याचं ते शेवटचं वाक्य निव्वळ सवयीचं होतं, हेही त्या कुणालाही सांगू शकल्या असत्या.

साडेपाचला दहा मिनिटं कमी होती. पक्कीबाईंनी पॅडवर तारीख घातली, तिच्याखाली 'कमाल' लिहिलं आणि पुढे जागा सोडली.